उभ्याने वाचणारी मेलिदा

मेलिदा उरबिना हिला मी बसून वाचताना कधी पाहिलं नाही. अठरा वर्षं आम्ही एका घरात काढली. शेगडीपाशी उभी, ओट्याला टेकून उभी, बसच्या रांगेत उभी, आणि बसमध्ये जागा रिकामी असली तरी दांड्याला धरून उभी. हातात जुनं वर्तमानपत्र, मासिक, जे मिळेल ते. "बस की गं, तळव्यांना मुळं फुटतील," असं मी म्हणायचे. "बसलं की घर आठवतं," एवढं म्हणून ती पान उलटायची. हे कारण मी बरीच वर्षं खरं धरून चालले होते.

आम्ही दोघी निकाराग्वाच्या. ती मासायाची, मी मानाग्वाची. कोस्टा रिकात, सान होसेला, कामाच्या परवान्याच्या रांगेत ती माझ्यापुढे उभी होती. चार तास रांग हलली नाही, आणि या बाईने चार तासांत कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. कुठल्यातरी औषधाच्या खोक्यातला माहितीचा कागद वाचत होती, दोन्ही बाजूंनी. मला चीड आली. बोलायला कुणी नसलं की मला जीव नकोसा होतो. "काय लिहिलंय एवढं?" मी विचारलं. ती म्हणाली, "गरोदर बायकांनी घेऊ नये." मग आम्ही दोघी हसलो, आणि त्या महिन्यात जवळच्याच ग्वादालूपेला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मी घरीच शिवण करते. पँट आखूड करणं, चेन बदलणं, लग्नाचे कपडे सैल करणं. मेलिदा दोन्या फ्लोरियाच्या, म्हणजे फ्लोरियाबाईंच्या, घरी कामाला लागली.

दोन्या फ्लोरिया म्हणजे एका न्यायाधीशाची विधवा. तिच्या दिवाणखान्याच्या चारही भिंतींना पुस्तकं. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्यावरची धूळ पुसायची, हे मेलिदाचं काम. पहिलं वर्षभर तिने नुसती धूळ पुसली. दुसऱ्या वर्षी एक पुस्तक हातातून पडलं, उचलताना उघडलं, आणि तिथून सुरू झालं. तिने स्वतःला नियम घालून घेतला. एका वेळी एक पुस्तक, फडकं खांद्यावर, दहा मिनिटं, आणि खूण म्हणून खराट्याची काडी. पुस्तक घरी आणायचं नाही, मागायचं नाही, शिडीवर बसायचं नाही. अशा रीतीने एक जाड कादंबरी संपायला दीड वर्ष लागायचं. एका कादंबरीतली म्हातारी चौदा महिने मरत होती. मंगळवारी मेलिदा दारात दिसली की मी शिवणयंत्रावरूनच विचारायचे, "गेली का?"

"नाही अजून. आज पाद्री येऊन गेला."

"मग शुक्रवारी उरकेल."

"काही सांगता येत नाही. मुलगी यायची राहिलीय परदेशातून."

ती म्हातारी ज्या शुक्रवारी गेली त्या दिवशी मेलिदा जेवली नाही. मी भात-राजम्याचं ताट झाकून ठेवलं आणि मनात म्हटलं, आपल्या घरात वेड शिरलंय. पण खरं सांगायचं तर मलाही वाईट वाटलं. मुलगी वेळेत पोचली नव्हती.

एकदा ती अशीच फडकं खांद्यावर टाकून वाचत असताना दोन्या फ्लोरिया दारात येऊन उभी राहिली. मेलिदाला वाटलं, आता गेली नोकरी. कोस्टा रिकातली माणसं कुत्र्यालासुद्धा अहोजाहो करतात, तशी ती शांतपणे म्हणाली, "मेलिदा, तुम्ही ते घरी का नेत नाही?"

"नको, दोन्या. घरी नेलं तर हाताशी राहील, आणि हाताशी राहिलं की वाचणं होणार नाही."

दोन्या फ्लोरियाने यावर बराच विचार केला असावा. पुढच्या आठवड्यात तिने एक अर्ज आणून दिला. शाळेची शेवटची परीक्षा, बाहेरून देता येते ती. सहा विषय, एकेक करून सोडवता येतात.

मेलिदाची शाळा चौथ्या वर्षाला सुटली होती, आमच्या देशातल्या युद्धाच्या दिवसांत. आईने, दोन्या राफाएलाने, तिच्या फीसाठी डुकरं पाळली, आणि मग शाळाच बंद पडली. पुढे पोटापाण्यासाठी सीमा ओलांडायची वेळ आली तेव्हा बसच्या पायरीवर उभं राहून मेलिदा आईला म्हणाली, "आई, शाळा पुरी केल्याचा कागद घेऊनच परत येईन." का म्हणाली, तिलाही माहीत नव्हतं. निघताना माणूस काहीतरी बोलतो. पण म्हातारीने ते गल्लीभर सांगितलं. दर रविवारी फोन यायचा, आणि तब्येत, पाऊस, शेजारणीची भांडणं झाली की शेवटी म्हातारी विचारायची, "कागद मिळाला का गं?" त्यात टोमणा नव्हता. तिने मागची खोली रंगवून घेतली होती, ओसरीवर झुलती खुर्ची आणून ठेवली होती, आणि वाट बघत होती. कागद हातात पडला की मेलिदा घरी जाणार, कायमची, हे मासायाच्या त्या गल्लीत ठरलेलं होतं. आमच्या घरातही ठरलेलंच होतं.

दर जानेवारीला मेलिदा वाण्याने दिलेल्या कॅलेंडरच्या मागे यादी लिहायची. बारा पुस्तकं. पोहायला शिकणं. उरलेले विषय. घर. बारा पुस्तकं कधी झाली नाहीत, धूळ तेवढी साचत नाही. पोहण्याच्या तलावावर ती एकदा गेली आणि काठावरची पाटी वाचून परत आली. मी म्हणायचे, "यादी तीच आहे, कॅलेंडर तेवढं नवं." ती हसायची नाही. संध्याकाळी यादीसमोर उभी राहायची, मग मागच्या दारापर्यंत, मग पुढच्या दारापर्यंत. दोन खोल्यांत माणूस किती चालणार? पण ती चालायची. मी ओरडायचे, "मेलिदा, टाका चुकतोय माझा." मग ती अंगणात जाऊन चालायची.

विषय मात्र सुटत गेले. समाजशास्त्र, नागरिकशास्त्र, विज्ञान, इंग्रजी. गणित तिसऱ्या खेपेला. राहिला तो स्पॅनिश, आपली स्वतःची भाषा. जिने दिवाणखान्यातला एक अख्खा कप्पा वाचून काढला ती बाई स्पॅनिशमध्ये दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा तासाभरात पेपर टाकून बाहेर आली. "एवढा वेळ बसवत नाही मला," म्हणाली. मी ते मानलं. मीच सगळीकडे सांगत फिरायचे की आमच्या मेलिदाला उभं राहून पेपर देऊ दिला तर ती पहिली येईल.

तिसऱ्या खेपेचं पत्र आलं मे महिन्यात. परीक्षा रविवारी सकाळी आठला. पत्ता असा: ग्वादालूपे, जिथे उंबर होता तिथून दोनशे मीटर पूर्वेला, पंचाहत्तर दक्षिणेला, हिरवं फाटक. फोनमधले नकाशे तेव्हा आमच्यापर्यंत पोचले नव्हते, आणि पोचून उपयोगही नसता. पडून गेलेलं झाड कुठला नकाशा दाखवणार?

"हा उंबर कुठे होता गं?" मेलिदाने विचारलं.

आता इथे माझा स्वभाव सांगितला पाहिजे. मी मानाग्वाची. भूकंपात आमचं अर्धं शहर झोपलं, आणि तेव्हापासून तिथला प्रत्येक पत्ता जे पडलं तिथूनच सुरू होतो. पडलेल्या सिनेमापासून दोन चौक तळ्याकडे, पडलेल्या दवाखान्यापासून एक चौक वर. नसलेल्या गोष्टींवरून रस्ता काढणं मला आईच्या दुधाबरोबर मिळालंय, असा माझा समज. आणि दुसरं म्हणजे आमच्याकडे कुणी रस्ता विचारला तर 'माहीत नाही' म्हणायची पद्धत नाही. ते तोंडावर दार लावल्यासारखं दिसतं.

"उंबर ना? औषधाच्या दुकानासमोर," मी सांगून टाकलं. "माझ्या डोळ्यांदेखत तोडला. दोन दिवस करवत चालली होती."

"तो उंबरच होता?"

"मग काय पेरू होता? एवढं मोठं खोड."

झाड मी खरंच पाहिलं होतं, तोडतानाही पाहिलं होतं. ते कशाचं होतं हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

त्या रविवारी ती पावणेसातला निघाली. मी केळीच्या पानात बांधून उकडलेले, मक्याच्या पिठाचे दोन नाकातमाल आणून ठेवले. रविवारचा आमचा नाश्ता तोच, आणि त्या दिवशी तर हवाच होता. दहा वाजता फाटक वाजलं.

"एवढ्यात संपला पेपर?"

"झाड ते नव्हतं, नुबी."

पिशवी खाली न ठेवता तिने सगळं सांगितलं. औषधाच्या दुकानापासून तिने चौक मोजले, वळली, तर समोर टायरचं दुकान. परत आली. तिथे लॉटरीची तिकिटं विकणारी एक म्हातारी बसते, तिला विचारलं. ती म्हणाली, "इथे होता तो सिडार होता, बाई. उंबर चर्चच्या मागे. तो पडला तेव्हा मी तिसरीत होते." उंबर पडून पन्नास वर्षं झाली होती. आम्ही दोघी या गावात यायच्या कितीतरी आधीची गोष्ट, आणि इथली माणसं अजून त्याच्यावरूनच वळतात. मेलिदा हिरव्या फाटकाशी पोचली तेव्हा आठ बेचाळीस झाले होते. साडेआठनंतर आत घेत नाहीत.

"तुला माहीत नव्हतं तर तसं म्हणायचं होतंस," ती म्हणाली.

"आपल्याकडे तसं कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मी विचारत राहिले असते. तू एवढ्या खात्रीने सांगितलंस म्हणून मी गप्प बसले." मग ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "मुद्दाम केलंस का?"

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अठरा वर्षांत तुझी पुस्तकं ऐकून ऐकून माझे कान किटले, तू गेलीस तर मला एक खोली मोकळी मिळेल, एवढं तरी बोललेच. ती पिशवीसकट तिच्या खोलीत गेली. नाकातमाल पानातच थंड झाले आणि सोमवारी मी ते शेजारणीला दिले.

बारा दिवस आम्ही बोललो नाही. एका ओट्यावर दोन वेगळ्या कॉफ्या होत होत्या. मी यंत्रावर बसले की तिचा प्रश्न डोक्यात फिरायचा, आणि टाका चुकायचा. कारण सांगायची लाज वाटते, पण ती दहा वाजता परत आली आणि पेपर झाला नाही हे कळलं, तेव्हा पहिल्या क्षणी मला आनंद झाला होता. वाईट नंतर वाटलं.

मधल्या रविवारी मासायाहून फोन आला. भिंत पातळ. मेलिदा आईला सांगत होती, "नाही गं आई, परीक्षाच पुढे ढकलली सरकारने. होय, सगळ्यांचीच." आवाज अगदी सहज. एवढं सहज खोटं ती पहिल्यांदा बोलत नव्हती, हे मला कळलं.

तेराव्या दिवशी अंगणात कपडे वाळत घालताना तीच बोलली. दोरीच्या पलीकडून, चादरीआडून.

"नुबी, लॉटरीवालीने सांगितलं तेव्हा साडेसातसुद्धा झाले नव्हते."

मी चिमटा लावायची थांबले.

"समोर टॅक्सी उभी होती," ती म्हणाली. "पाच मिनिटांचा रस्ता."

"मग?"

"मग मी कॉफी घेतली. सव्वाआठपर्यंत पीत बसले. मग चालत निघाले, हळूहळू."

"बसलीस?"

"बसले. छान बसता येतं मला. त्या दोन वेळीही बसायचा त्रास नव्हताच. पेपर सोपा होता, तेच भारी पडलं. सगळं येत होतं. म्हटलं, हे सगळं लिहिलं तर पास होईन, आणि पास झाले तर जावं लागेल." चादर तिच्या बाजूने ओढली गेली. "तिथे आता मला बसचे रस्तेसुद्धा माहीत नाहीत. आई सोडून कोण ओळखतं मला? आईजवळ जाऊन कायमचं राहायचं म्हटलं की भीती वाटते. इथे मरेपर्यंत दुसऱ्याची धूळ पुसायची म्हटलं तरी वाटते. पुस्तकातल्या लोकांचं बरं असतं. त्यांचं सगळं कुठेतरी उरकतं."

चूक माझी नव्हती, निदान सगळी नव्हती. मला हलकं वाटायला हवं होतं. पण मला माझी आई आठवली. मानाग्वाला ती वारली तेव्हा माझ्याकडे कागदपत्रं होती, बसचं तिकीट काढता आलं असतं, आणि मी एका गिऱ्हाईकाचा लग्नाचा पोशाख पुरा करत बसले होते. पोचले तेव्हा नऊ दिवसांच्या प्रार्थनाही उरकल्या होत्या. तो पोशाख मी आजही शिवून देऊ शकेन, इतका लक्षात आहे.

मी चादर बाजूला केली. "हे बघ, मेलिदा. पास हो, आणि मग वाटलं तर जाऊ नकोस. तोंडाने सांग तसं तिला. पण नापास राहून चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला खेळवू नकोस. ती खुर्ची पुसत असेल तिकडे रोज."

"तू कोण मला शिकवणार?"

"मी तुझ्या परत येण्याने खूश झालेली बाई. तू विचारलंस ना मुद्दाम केलं का? केलं नव्हतं. पण झालं ते मला आवडलं होतं."

तिने चादर परत दोरीवर नीट केली. मग म्हणाली, "तुझा तो सिडार होता, बये." त्या संध्याकाळी कॉफी पुन्हा एकाच भांड्यात झाली.

पुढची परीक्षा नोव्हेंबरात. मधल्या सहा महिन्यांत ती अंगणात इतकी चालली की गवतात पायवाट झाली.  परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी चर्चच्या मागे जाऊन आलो. उंबर होता तिथे आता गाड्या उभ्या करतात. तिथून चौक मोजले, हिरवं फाटक हाताने चाचपून पाहिलं. मी वाटेत तीन वेगवेगळ्या माणसांना पत्ता विचारला, आणि मेलिदा प्रत्येक वेळी तोंड फिरवून हसली.

रविवारी साडेसातलाच आम्ही फाटकाशी होतो. विशीतली पोरं भिंतीला टेकून वह्या चाळत होती. मेलिदा माझा दंड धरून म्हणाली, "नुबी, पोटात दुखतंय."

"दुखू दे."

"आईला फोन करून आधीच सांगितलं असतं की मी येणार नाही, तर बरं झालं असतं. निदान लिहिता तरी आलं असतं."

"येणार नाहीस?"

"तेच तर माहीत नाही."

"मग ते नंतर बघू. आत जा."

ती गेली. मी समोरच्या फुटपाथच्या कडेला बसले. घरी तीन पँट आखूड करायच्या पडल्या होत्या, पण मला हलवेना. बैठी शाळा, समोर उघडा व्हरांडा, फाटकाच्या गजांतून सगळं दिसत होतं. ऊन चढत गेलं. एका बाईने विचारलं, "मुलाचा पेपर आहे का?" मी हो म्हटलं.

नऊ वाजून गेल्यावर मेलिदा व्हरांड्यात आली. खांद्याला पिशवी होती. बाथरूमला जाताना कुणी पिशवी घेत नाही. ती दोन खांब पुढे आली, आणि तिला मी दिसले.

माझ्या मनात काय आलं ते सांगते. मी नुसती उठून उभी राहिले असते तरी ती चालत बाहेर आली असती. दोघी घरी आलो असतो, तिने शेगडीपाशी उभं राहून काहीतरी वाचलं असतं, मी टाके घातले असते, आणि हे असंच चाललं असतं. मला तेच हवं होतं. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि बसून राहिले. मान हलवली नाही, हसले नाही, खूण केली नाही.

ती किती वेळ उभी होती कोण जाणे. आतून पर्यवेक्षक बाई येऊन तिला काहीतरी म्हणाली. मेलिदाने तिच्याकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. मग तिने खांद्यावरची पिशवी काढली, हातात घेतली, आणि आत गेली.

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. पेपर सुटायला अजून दीड तास होता.